मुलाला झालंय तरी काय?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी एका वकिलांकडे पंधरा वर्षं कारकून आहे. बायको सरकारी दवाखान्यात नर्स. मुलगा पाचवीत. मागच्या आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली: ‘आपल्या पाल्यास गणित विषयाच्या उपचारात्मक वर्गात समाविष्ट केले आहे. पालकांनी सही करून चिठ्ठी परत पाठवावी.’ बस, एवढंच.

आईने ‘उपचार’ एवढाच शब्द ऐकला आणि संध्याकाळी मीठ-मोहरी घेऊन त्याची दृष्ट काढली. बायको म्हणते, बालरोगतज्ज्ञांना दाखवू, स्मरणशक्तीचं एखादं सिरप चालू करू. माझ्या डोक्यात कोर्ट. ‘उपचारात्मक’ म्हणजे इंग्रजीत ‘रेमेडियल’, आणि आमच्याकडे ‘रेमेडी’ म्हणजे अन्याय झाला की मागायची गोष्ट. आणि ‘क्युरेटिव्ह’ म्हटलं की सगळे दरवाजे बंद झाल्यावरची शेवटची याचिका. दहा वर्षांच्या पोराची आत्ताच ती वेळ आली? शाळेला वकिलांच्या लेटरहेडवर एक नोटीस द्यावी असं मनात आहे. वर्गातली मुलं त्याला ‘पेशंट’ म्हणू लागली आहेत. काल रात्री त्याने विचारलं, “बाबा, मला काय झालंय?” मला उत्तर देता आलं नाही.

– एक बाप

उत्तर

दादा, नमस्कार.

नोटीस आज देऊ नका. सिरपही आणू नका. दृष्ट काढली ती काढली, तिने कोणाचं काही बिघडलेलं नाही.

तुमच्या घरात एका चिठ्ठीचे तीन अर्थ झाले आणि तिघांचंही फार चुकलेलं नाही, कारण त्या शब्दाची खरोखरच तीन घरं आहेत. इंग्रजीतलं ‘रेमेडियल’ आलं लॅटिनमधल्या ‘रेमेडियम’वरून. त्यात ‘मेडेरी’ आहे, म्हणजे बरं करणं. ‘मेडिसिन’ त्याच कुळातलं. शब्द मुळात वैद्याचा, पण वकिलांनी तो फार पूर्वीच उचलला. मास्तरांच्या हाती तो उशिरा आला, तोही पुन्हा डॉक्टरांकडून. आपल्याकडे त्याचं ‘उपचारात्मक’ झालं. मी 1984 साली बी.एड. केलं तेव्हा आम्हाला ‘नैदानिक कसोटी व उपचारात्मक अध्यापन’ असा आख्खा घटक होता. तो आम्ही पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि वर्गात गेल्यावर बहुतेकजणी विसरूनही गेलो. मीही त्यातलीच, हे कबूल करते.

डॉक्टरांकडून कसा आला तेही ऐका, कारण तुमच्या बायकोची भीती तिथूनच येते. वाचता न येण्याच्या अडचणीला ‘डिस्लेक्सिया’ हे नाव 1887 मध्ये दिलं ते जर्मनीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरने, रुडॉल्फ बर्लिन यांनी. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या पर्सीची हकिगत छापली. मुलगा चलाख, गणितात आवड असलेला, आकडे नीट वाचणारा. पण स्वतःचं नाव लिहिताना ‘पर्सी’ऐवजी ‘प्रेसी’ लिहायचा. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. मला हे वाक्य फार मोठं वाटतं. मास्तरांना दिसत होतं की मुलात काही कमी नाही, आपल्या शिकवण्याच्या वाटेत आहे. तरी प्रकरण छापलं गेलं ते वैद्यकीय नियतकालिकात, ‘जन्मजात शब्दांधत्व’ या मथळ्याखाली. तेव्हापासून वर्गात मागे पडणारं मूल कुठेतरी रुग्ण ठरत आलं. निदान, चाचणी, उपचार हे सगळे शब्द पांढरा कोट घालूनच वर्गात आले.

आता तुमच्या बाजूचं घर. तिथे शब्दाचा स्वभावच वेगळा. दवाखान्यात उपचार ज्याच्यात बिघाड आहे त्याच्यावर होतो. कोर्टात उपाय ज्याचं काहीच चुकलेलं नाही त्याला मिळतो. हा फरक मी तुम्हाला सांगावा असं नाही. दाव्याच्या शेवटी ‘मे. कोर्टास योग्य व न्याय्य वाटेल ती इतर दाद वादीस मिळावी’ हे तुम्ही हजार वेळा टाइप केलं असेल. वादी आजारी नसतो, त्याचं काही देणं राहिलेलं असतं. राज्यघटनेचं कलम 32 तेच सांगतं. मूलभूत हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, आणि ते जाणं हाच एक मूलभूत हक्क. 9 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी या तरतुदीला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं. उपाय नसेल तर हक्क नुसता कागदावरचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

‘क्युरेटिव्ह’चं तुम्ही बरोबर सांगितलंत, फक्त ते इथे लागू नाही. ती याचिका सर्वोच्च न्यायालयानेच 2002 मध्ये रूपा अशोक हुर्रा खटल्यात निर्माण केली. पुनर्विलोकन, म्हणजे निकालाचा फेरविचार, तोही फेटाळला गेला आणि तरी न्यायालयाच्याच हातून घोर अन्याय राहून गेला असेल, तर शेवटची खिडकी. आपल्याकडे तो शब्द मराठा आरक्षणामुळे पारावर पोचला. मे 2021 मध्ये कायदा रद्द झाला, 2023 मध्ये पुनर्विलोकन याचिका फेटाळली गेली, मग क्युरेटिव्ह. म्हणून तुमच्या कानाला तो शब्द ‘संपत आलं’ असा ऐकू येतो. शाळेतला उपचारात्मक वर्ग याच्या अगदी उलट टोकाला असायला हवा. घटक शिकवून झाला, दोन मुलांना कळला नाही असं दिसलं, की दुसऱ्याच आठवड्यात. तो शेवटचा उपाय झाला असेल तर चूक शाळेची, शब्दाची नाही.

माझं म्हणणं असं की शाळेतला हा शब्द दवाखान्यातून आला असला तरी तो वाचायचा कोर्टाच्या अर्थाने. मूल रुग्ण नाही, वादी आहे. त्याला, समजा, वजाबाकी मिळायची होती, ती मिळाली नाही, आता ती चुकती करायची आहे.

हा माझा लाडाचा विचार समजू नका, कायदाही असंच बोलतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 काढा. तुमच्या कार्यालयात पुस्तक असेलच. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासायची आणि त्यानुसार गरज असेल तिथे जादा शिकवायचं, हे तिथे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. कलम 16 मध्ये 2019 साली सुधारणा झाली. पाचवी आणि आठवीच्या अखेरीला परीक्षा, नापास झाल्यास मुलाला जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी. महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलून ते लागू केलं. तुमचा मुलगा पाचवीतच आहे, म्हणजे ही चिठ्ठी पुढल्या मे महिन्यात येण्यापेक्षा आत्ता आली हे त्याच्या भल्याचंच झालं. सही करून टाका.

(जाता जाता एक. कायद्यात ‘सुधारणा’, पेशंटच्या प्रकृतीत ‘सुधारणा’, प्रगतिपुस्तकात ‘सुधारणेस वाव’. सरकार, डॉक्टर आणि मास्तर तिघे एकच शब्द वापरतात. पण कायदा सुधारला म्हणून त्याला कोणी चिडवत नाही.)

आमच्या मुंबईतलीच एक गोष्ट सांगते. 1995 पासून तिथे ‘प्रथम’ ही संस्था काम करते. त्यांनी मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांसाठी ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच तरुण मुली. शाळेच्या वेळेतच दिवसाचे दोन तास, पंधरा-वीस मुलांना बाजूला घेऊन बसायच्या आणि मुलाला येतं तिथून सुरुवात करायच्या. मूल कोणत्या इयत्तेत आहे याला महत्त्व नव्हतं. मुंबई आणि बडोद्यातल्या शाळांमध्ये याची पारख झाली ती नवीन औषध तपासतात त्याच रीतीने. कोणत्या वर्गांना बालसखी द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं आणि मग तुलना करायची. मुलं पुढे गेली, आणि सर्वांत जास्त पुढे गेली ती सर्वांत मागे असलेली. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. लिहिणाऱ्या चौघांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांना पुढे 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला मोह पडतो तो त्या लेखाच्या नावाचा. मराठीत आणायचं तर ‘शिक्षणावर उपचार’. बघा, उपचार कोणावर करायचा ते त्या नावातच आलं.

ब्रिटनमध्ये याच शब्दावर एका समितीला बोलावं लागलं. मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने 1978 च्या अहवालात सुचवलं की ‘रेमेडियल’वाली मुलं आणि ‘मंद’ ठरवलेली मुलं असे दोन कप्पे नकोत, दोन्हींना ‘शिकण्यात अडचणी असलेली मुलं’ म्हणा. आपल्याकडे चिठ्ठी लिहिणाऱ्यांपर्यंत ते अजून पोचलेलं दिसत नाही. आणि आपल्याकडे ‘पेशंट’च्या आधी ‘ढ’ होताच. अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत सगळी अक्षरं बदलली, एकटा ढ होता तसाच राहिला, म्हणून न बदलणाऱ्या मुलाला ढ म्हणतात, असं आमचे गुरुजी सांगायचे. तेही हसत हसत सांगायचे आणि पहिल्या बाकावरची मुलं मागे वळून बघायची.

आता करायचं काय. शाळेत जा. एकट्याने नको, दोघांनी जा, आणि दुपारच्या सुट्टीत जा म्हणजे बाईंना दोन मिनिटं मिळतील. विचारायचं फक्त एक: निदान काय आहे? ‘गणितात कच्चा’ हे निदान नाही. ‘पोटात दुखतं’ एवढ्यावर तुमच्या बायकोने कधी कोणाला इंजेक्शन दिलं आहे का? मूल 52 वजा 27 चं उत्तर 35 काढत असेल, तर तो दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा करतो आहे. मोठ्यातून लहान वजा करायचा हा नियम त्याने मन लावून पाळला आहे, फक्त तो चुकीच्या जागी पाळला. त्याला काड्यांचे गठ्ठे द्यायचे आणि एक दशक सुटा करायला लावायचा. आमच्या वेळी ‘शेजारणीकडून एक उसना घेतला’ म्हणायचे. दुसऱ्या एखाद्या मुलाला हे जमतं, पण 402 वजा 178 आलं की मधल्या शून्यापाशी तो अडतो, कारण शेजारणीच्या घरीच काही नाही. त्याचा उपाय वेगळा. तिसऱ्याला दोन्ही जमतं, पण शाब्दिक उदाहरणातलं ‘किती उरले’ आणि ‘कितीने जास्त’ यात गोंधळ होतो. त्याची अडचण भाषेची आहे, गणिताच्या तासाला ती सुटायची नाही. या तिघांना एका खोलीत बसवून तोच धडा पुन्हा मोठ्या आवाजात शिकवला तर त्याला उपचारात्मक म्हणता येत नाही. सगळ्या पेशंटना एकच पांढरी गोळी देणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणतो?

म्हणून चाचणीचा पेपर मागा. मुलाच्या चुका बघा, मार्क बघू नका. बाईंना निदान सांगता आलं तर तुमचं अर्धं काम झालं. नाही सांगता आलं तर तो पेपर घेऊन त्यांच्याशेजारी बसा आणि दोघांनी मिळून चुका शोधा. शिक्षकाला कोणी असं शेजारी बसून विचारत नाही हो. एक तर नमस्कार करतात, नाही तर तक्रार.

सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा जा. आयुर्वेदात निदानाच्या पाच वाटा सांगितल्या आहेत, त्यात एक आहे ‘उपशय’. कशाने आराम पडतो त्यावरून आजार ओळखायचा. इथे ते चपखल बसतं. काड्यांच्या गठ्ठ्यांनी वजाबाकी सुटली तर अडचण तेवढीच होती. नाही सुटली तर आणखी खोलात जायला हवं.

आणि तिथेच तुमच्या बायकोचं म्हणणं खरं ठरू शकतं. शाळेआधी तिने एक काम करावं. मुलाचे डोळे तपासून घ्यावेत आणि कानही. फळ्यावरचा 3 आणि 8 वेगळा दिसत नसेल तर कोणताही वर्ग उपयोगाचा नाही, चष्मा लागेल. मी एका मुलीला वर्षभर ‘लक्ष नाही’ म्हणून रागावत होते. तिच्या एका कानाने कमी ऐकू येत होतं आणि तोच कान माझ्या टेबलाच्या बाजूला होता. तिची जागा बदलली आणि माझा राग आपोआप गेला.

चांगलं शिकवूनही, वेळ देऊनही, पहिली-दुसरीपासून तीच अडचण हटत नसेल, आकड्यांची ओळखच पक्की होत नसेल किंवा वाचन-लेखन वयाच्या मानाने फार मागे असेल, तर ‘अध्ययन अक्षमता’ आहे का हे तपासून घ्यायचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आहे. तिचं प्रमाणपत्र शाळा देत नाही, सरकारी रुग्णालयात तपासणी करून मिळतं, आणि त्यावर परीक्षेत सवलती मिळतात. मुंबईत शीवच्या रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे, तुमच्या जिल्ह्यात कुठे सोय आहे हे तुमची बायको माझ्यापेक्षा लवकर शोधेल. तिला एवढंच सांगा की याला गोळी नाही आणि सिरप तर नाहीच. या अडचणीवर डॉक्टर जे लिहून देतात ते शिक्षणच असतं, खास प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिकेबरोबर एकेकट्याने बसून केलेलं. त्यालाही ‘रेमेडियल’च म्हणतात आणि म्हणून सगळा घोळ होतो. शाळेतली चिठ्ठी म्हणजे ते नव्हे. तुमच्या पत्रावरून मला तशी शंका येत नाही, पण पत्रावरून निदान करायचं नसतं.

तुमची नोटीस उरली. ती फाडू नका, खणात ठेवा. मुलं ‘पेशंट’ म्हणतात हे आधी वर्गशिक्षिकेच्या कानावर घाला. बहुतेक वेळा त्यांना माहीतच नसतं. उपचारात्मक वर्ग कुठे भरतो, कधी भरतो हे विचारा. खेळाच्या तासाला भरत असेल तर बदलून मागा. त्या मुलांना कायमचं वेगळ्या बाकावर बसवत असतील, वर्गासमोर उभं करत असतील, तर शिक्षण हक्क कायद्यातच मानसिक त्रासाला मनाई करणारं कलम 17 आहे. त्याच बाई ‘संध्याकाळी घरी क्लासला पाठवा’ म्हणाल्या तर शिक्षकांच्या खासगी शिकवणीला बंदी घालणारं कलम 28 आहे. आणि सांगूनही ऐकलं नाही तर त्याच कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. योगायोग बघा, घटनेतही 32 आणि इथेही 32. पण खालच्या कोर्टात न जाता थेट वर गेलेल्या पक्षकाराला तुमचे साहेब काय ऐकवतात ते तुम्हाला माहीत आहे.

घरी आईंना सांगा की ‘उपचार’ हा शब्द त्यांच्या देवघरातला आहे. षोडशोपचार पूजा त्या करतच असतील. देवाला आसन, पाणी, गंध, फूल, नैवेद्य. तिथे देव आजारी नसतो. जवळ बसून, मन लावून केलेली सेवा म्हणजे उपचार. नातवाला शाळेत कोणीतरी जवळ बसवून घेणार आहे, एवढंच त्या चिठ्ठीत लिहिलं आहे. त्यांना पटेल, तुम्हा दोघांपेक्षा आधी पटेल.

आणि त्याने विचारलं त्याचं उत्तर तुम्हीच द्या, आज रात्रीच. “तुला काही झालेलं नाही. मोठ्या वजाबाकीत दशक सुटा कसा करायचा, ते तुला समजेपर्यंत कोणी तुझ्याजवळ बसलं नव्हतं. आता बाई बसणार आहेत.” बाईंनी दाखवलेल्या पेपरात अडचण दुसरीच निघाली तर त्याला तसं सांगून टाका, बापाचंही निदान चुकू शकतं. मग काड्यापेटी काढा, दहा-दहा काड्यांना रबर लावा आणि त्याला विचारा, बावन्न काड्या माझ्याकडे आहेत, तुला सत्तावीस हव्यात, मी कोणता गठ्ठा सोडू?